मागचा उजवा कोपरा

नाचाच्या स्पर्धेच्या दिवशी मी माझ्या शाळेच्या पोरींची नखं तपासत असे. कानातले काढायला लावत असे, बांगड्या उतरवून माझ्या पिशवीत ठेवत असे. केसांत पिना नकोत, फक्त रिबिनी. काजळ नको, कारण घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि वरून येणारं बॅटन, म्हणजे नाचात फिरवून वर फेकायची दांडी, दिसत नाही. बॅटनच्या दोन्ही टोकांची रबरी बोंडं मी स्वतः ओढून पाहायची. दोन पोरींमध्ये दोन हात आणि एक बॅटन इतकं अंतर, तेही दोरी लावून मोजायचं. पोरी मला पाठीमागे 'नखवाल्या मॅडम' म्हणत. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

शिवाय पाणी. बाहेरगावच्या स्पर्धेला पोरी सकाळपासून पाणीच पीत नसत, कारण तिथल्या संडासाला कडी नसायची किंवा पत्र्याला भोकं असायची. मग दुपारी उन्हात चक्कर. मी घरून जुनी साडी न्यायची, ती दारावर धरून बाहेर उभी राहायची आणि एकेकीला आत पाठवायची. तिनं घोटभर साखरमिठाचं पाणी प्यायल्याशिवाय तिला रांगेत घ्यायची नाही.

हे आधी सांगते आहे, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, बाई निष्काळजी असेल. मी निष्काळजी नव्हते. तसं असतं तर मला आजवर झोप तरी लागली असती.

गेल्या मार्गशीर्षात एक मुलगी माझ्या फुलचूरच्या घरी आली. मुलगी कसली, आता तेवीस-चोवीसची बाई. आठवी ते दहावी ती माझ्या बॅटनच्या संघात होती. दहावीच्या वर्षी मंचावर तिचा डावा डोळा गेला. ती खुर्चीवर बसली, मग उठून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर गेली, म्हणजे मी तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला येईन. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "मॅडम, आपल्या शाळेत नाच अन् बॅटन शिकवाले कोणी पाहिजे आहे. सर म्हणून राहिले का तू ये. पण मी तर जागा सोडली होती ना तेव्हा. दुसऱ्याच्या पोरी माझ्या भरवशावर कशा द्यायच्या? तुमी सांगा. तुमी हो म्हणाल तर हो, नाई म्हणाल तर मी सरले नाई म्हणून टाकतो."

तिला यायचं होतं. ते तिच्या हातांकडे पाहून कळत होतं. मांडीवर ठेवलेली उजव्या हाताची बोटं बॅटन फिरवतात तशी आपोआप फिरत होती. आणि ती नाही म्हणणार होती, एका वाक्यासाठी. ते वाक्य मी लिहिलेलं होतं.

आमच्याकडे जानेवारीपर्यंत धान मळून झालेलं असतं आणि राइस मिलच्या मागे भुशाचे ढीग लागतात. कुठे त्याला आग लावलेली असते. वरून राखाडी, थंड, पोटात मात्र आठ-आठ दिवस धुमसणारा. लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. त्यात गुडघ्यापर्यंत पाय जाऊन भाजलेली माणसं प्रत्येक गावानं पाहिलेली आहेत. भुशावर पाय ठेवू नये, हे आमच्या भागात चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. तो भुसा मंचावर मीच आणला.

स्पर्धा व्हायची सडक अर्जुनीच्या पलीकडच्या एका गावात, शाळेसमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर. ओटा खरबरीत. पोरी अनवाणी नाचत आणि टाचा फुटून रक्त यायचं. एका वर्षी मी सुचवलं, ओट्यावर वीतभर भुसा पसरू, वरून ताडपत्री ताणून बांधू, त्यावर हिरवी चटई. मिलवाल्यानं दोन ट्रॉल्या भुसा फुकट दिला. पोरी उड्या मारून खाली आल्या तर आवाज येईना. 'मॅडम, गादीवर नाचल्यासारखं वाटते,' म्हणाल्या. माझं कौतुक झालं, दुसऱ्या शाळांनी तेच केलं. फक्त एक होतं. पाय पडून पडून भुसा सरकतो. म्हणून नियमही मीच केला, चार संघ नाचले की ताडपत्रीची एक बाजू सोडायची, दाताळ्यानं भुसा सारखा करायचा, परत बांधायची. वीस मिनिटांचं काम.

तिच्या दहावीच्या वर्षी पाहुणे दोन तास उशिरा आले. मग हार, मग भाषणं. चार संघ नाचून आमची पाळी यायला चार वाजून गेले. नागझिऱ्याकडच्या दोन शाळांच्या पोरींना उजेडात जंगलातून निघायचं होतं. त्यांतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक घड्याळ दाखवत माझ्याकडे आले आणि म्हणाले, एक डाव भुसा नाही सारखा केला तर काय होते मॅडम, पोरी उपाशी बसल्या आहेत. मी बरं म्हटलं. नियम माझा होता, मोडायची परवानगीही माझ्याकडूनच हवी होती त्यांना.

तपासणीचा कागद असायचा. नखं-दागिने, पाणी, औषधाची पेटी, वीज, साधनं, मंच. सहा ओळी, प्रत्येकीपुढे 'तपासले' आणि सही. पाच सह्या सकाळीच झाल्या होत्या. मंचाची मी शेवटी करायची, आमच्या पोरी चढण्याआधी, चपला काढून, सगळीकडून चालून. मी चालले. समोर ठीक, मध्ये ठीक, डावीकडे ठीक. मागच्या उजव्या कोपऱ्यात माझी उजवी टाच खाली गेली.

फार नाही, चार बोटं. पण ती दबली नाही. खाली कोणी हळूच जागा करून द्यावी, तशी गेली. मी थांबले, आणि माझं वजन थांबल्यावरही खाली काहीतरी सरकत होतं. सुपातून तांदूळ उतरावा तशी बारीक सरसर. समोर लाऊडस्पीकर चालू होता, चारशे माणसं बोलत होती, आणि मला ती सरसर ऐकू आली. मी पाय काढून घेतला. ती आणखी थोडा वेळ चालली, मग बंद झाली.

मी तिथे उभी राहून हिशेब केला, तो असा. आमच्या आठ पोरी. चार पुढे, चार मागे. मागची रांग त्या कोपऱ्यापासून तीन पावलं पुढे. त्या कोपऱ्यात कोणाचीच जागा नाही. मी कागदावर सही केली.

आता दुसरा नियम सांगते. तोही माझाच. बॅटन वर फेकलं की खाली यायला तीन मोजावे लागतात. शेजारणीचं वाकडं गेलं आणि तुझ्याकडे येतं आहे असं वाटलं, तर आपलं सोडून दोन पावलं मागं, एक पाऊल बाजूला. पोरींकडून मी हे इतक्या वेळा करून घेतलं होतं की त्या विचार न करता करायच्या. त्या दिवशी तिच्या शेजारणीचं वाकडं गेलं. ही मुलगी मागच्या रांगेत उजवीकडून पहिली. ती दोन पावलं मागं सरली, एक पाऊल उजवीकडे. तिचं स्वतःचं बॅटन तेव्हा वर होतं आणि तिचे डोळे त्याच्यावर होते. मी खाली उभी राहून मोजत होते. एक. दोन. तिचा उजवा पाय घोट्याच्या वर आत गेला आणि ती बसल्यासारखी खाली झाली, मान वरच, तोंड उघडं. तीन.

ती ओरडली नाही. गाणं चालू होतं आणि बाकीच्या सात जणी पुढचं पाऊल टाकून मोकळ्या झाल्या होत्या, कारण त्यांनी मागे पाहिलंच नव्हतं.

डोळ्यावर पडलेल्या टोकाला रबरी बोंड होतं म्हणून डोळा जागेवर राहिला. दृष्टी राहिली नाही. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. गोंदियाच्या दवाखान्यात तिची आई पोहोचली तेव्हा मी खाटेशी होते. स्वतःच्या चार एकरांत धान लावणारी, सहसा आवाज न चढवणारी बाई. पोरीच्या पट्टी बांधलेल्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "जागा कायले सोडली व?" लोकांनी तिला रस्त्यातच सांगितलं होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी सलाईनकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताडपत्री आमच्या शाळेची होती, ती आणायला म्हणून मी सकाळीच स्कूटरनं एकटी गेले. धुकं इतकं की ओटा दहा पावलांवर आल्यावर दिसला. मी बाजू सोडून ताडपत्री उलटली. कोपऱ्यात दोन खळगे होते. एक खोल, पोटरीएवढा. त्याच्या शेजारी एक उथळ, टाचेएवढा. चटई आणि ताडपत्रीच्या खाली माझी टाच तशीच्या तशी राहिली होती.

मी दाताळं घेतलं आणि भुसा ओढून दोन्ही बुजवले. सरळ केलं. मागे वळून दाताळं ठेवलं, तर सरसर. पाहते तर भुसा पुन्हा बसत होता. त्याच जागी, हळूहळू, जणू खालून कोणी ओंजळीनं घेत आहे. मी परत भरलं. परत बसलं. तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर बसून हातांनी भुसा बाजूला केला. खाली ओट्याचं सिमेंट खचलेलं होतं, ताटाएवढं भगदाड. पावसाळ्यात खालची माती वाहून गेली असणार. आदल्या वर्षी ओटा धड होता, म्हणून त्या वर्षी भुसा टाकण्याआधी कोणी पाहिला नव्हता. पाहायला हवा होता तो मी. मी भगदाडात हात घातला. तळ लागला नाही, आणि आतून हातावर उबदार हवा येत होती. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, तसंच असेल ते. मी हात काढला तेव्हा त्याला कोणाच्या तरी तोंडाजवळ धरल्यासारखा दमटपणा होता.

मी एक पोतं गुंडाळून त्यात कोंबलं. वरून भुसा टाकला, सारखा केला, ताडपत्रीची घडी घातली आणि निघाले. पुढच्या उन्हाळ्यात ओट्याला नवं सिमेंट झालं.

अहवाल मलाच लिहायचा होता. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने नृत्यादरम्यान ठरलेली जागा सोडल्याने अपघात झाला.' वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

त्यानंतर दोन वर्षं मी शिकवलं, मग तब्येतीचं सांगून शाळेचं ग्रंथालय मागून घेतलं. तब्येतीचं खोटं नव्हतं. माझी उजवी टाच खाली जाते. घरच्या फरशीवर, बाजारात, बँकेच्या पायरीवर. चालता चालता मध्येच चार बोटं खाली, आणि मग मला थांबून सरसर संपेपर्यंत वाट पाहावी लागते. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड चांगलं, नस चांगली. कोणी तांदूळ पाखडायला घेतले की मी उठून बाहेर जाते. घरच्यांना वाटतं, मला धुळीचा त्रास आहे.

हे माझं मला समजतं. दुसरी गोष्ट समजत नाही. ग्रंथालयाच्या खिडकीतून सरावाचा हॉल दिसतो. तिथे खाली फरशी आहे, गुळगुळीत, पक्की. दरवर्षी नव्या पोरी येतात, आणि रांगा धरल्या की मागच्या उजव्या कोपऱ्यात एक जागा रिकामी सोडतात. शिकवणारे बदलले, नाच बदलले, पोरी कधी आठ, कधी बारा. जागा रिकामी. एकदा न राहवून मी एका सहावीतल्या पोरीला विचारलं, तिकडे कोणी का उभं राहत नाही. ती माझ्या शाळेत येऊन महिनाही झाला नव्हता. ती म्हणाली, "तिथं पाय जाते ना मॅडम." मी विचारलं, कोणी सांगितलं. ती आठवू लागली आणि तिला आठवेना. कदाचित मीच दोन वर्षं तो कोपरा टाळला असेल, माझं बघून त्या वेळच्या पोरींनी टाळला असेल आणि मग ते एकीकडून दुसरीकडे गेलं असेल. असंच असेल. पण त्या दिवशी मी संध्याकाळी हॉलला कुलूप लावायला गेले नाही, शिपायाला पाठवलं.

तर ती माझ्यासमोर बसली होती आणि विचारत होती, हो म्हणू का नाही. मला हो म्हणून सुटता आलं असतं. तू चांगली आहेस, झालं ते झालं, लहान होतीस, असं काही. ती गेलीही असती शाळेत. आणि जन्मभर पोरींच्या मागे उभी राहून स्वतःला विचारत राहिली असती की मी जागा कशी सोडली.

मी सांगितलं. टाच, सही, भगदाड, पोतं, वाक्य. क्रमानं सांगितलं, कारण मनात ते क्रमानंच लावलेलं होतं. रस्त्यावरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला.

"कोणत्या पायाची टाच?" तिनं विचारलं.

"उजव्या."

"माझा बी उजवाच गेला." तिची बोटं थांबली होती. "मॅडम, पाय गेला तेव्हाच मले समजलं होतं का खाली काई नाई. नागपूरच्या दवाखान्यात मी आईले सांगितलं बी. आई म्हणे, मॅडमनं लिहून देल्लं का तू जागा सोडली, तर मॅडम खोटं कायले लिहितील. मग मी बी तसंच म्हणू लागली."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिनं ती दिली असती, तशीच ती आहे, आणि ते पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेणं झालं असतं.

ती म्हणाली, "आईले तुमी सांगा. मी नाई सांगत."

त्याच दुपारी आम्ही तिच्या गावी गेलो. आई अंगणात सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण तिचा हात थांबला नाही आणि सुपातली सरसर मी सगळी ऐकली, निघून जायची सोय नव्हती. माझं संपल्यावर ती लेकीला म्हणाली, "मी तुले किती बोलली व." एवढंच. मला कोणी बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. आमच्या भागात दारी आलेल्याला असं कोणी सोडत नाही. मी निघाले तेव्हा ती लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, चोवीस वर्षांच्या बाईचं.

शाळेलाही मी लेखी दिलं. मुख्याध्यापक सर वाचून म्हणाले, आता कायले उकरता मॅडम, किती वर्षं झाली. कागद त्यांनी फायलीत लावला. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल.

तिनं काम घेतलं. पहिल्या दिवशी तिनं मला ग्रंथालयातून हॉलमध्ये बोलावून घेतलं. पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, बारा जणी. तिच्या हातात तपासणीचा कागद होता, अजून तोच, सहा ओळींचा.

"चपला काढा मॅडम," ती म्हणाली. "तुमी चाला. मी लिहितो."

मी चालले. समोर, मध्ये, डावीकडे. ती माझ्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, चांगला डोळा माझ्या पायांवर. पोरींपैकी कोणी हसलं नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात मी थांबले. फरशी पक्की होती, माझ्या डोळ्यांना दिसत होती. टाच गेली. चार बोटं. खाली सरसर सुरू झाली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पाय जातो आहे."

ती खाली बसली. फरशीवर तळहात ठेवला, मग मान वाकवून कानही. बराच वेळ ती तशीच राहिली. पोरी पाहत होत्या. मग ती उठली. खिशातून खडू काढून तिनं तिथे एक मोठी फुली केली आणि पोरींना म्हणाली, "मॅडमचा पाय जाते म्हणतात ना, तर जाते. इथं कोणी उभं राहाचं नाई. मागं सराचं असन तर डावीकडून." मग कागद आणि पेन माझ्याकडे दिलं.

'मंच' या ओळीपुढे 'तपासले' असं छापलेलं होतं. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, मागचा उजवा कोपरा, पाय जातो. खाली सही केली.